पंपाची खांदमळणी

आमच्या मशीनखाली ठेवायला अध्यक्षबाईंनी स्वतःच्या घरचा गंज आणून दिला, तेव्हाच मला कळायला हवं होतं की या बाईच्या मनात आमच्याविषयी थोडीफार माया आहे. गंज म्हणजे आमच्याकडचं पातेलं; जर्मनचा, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा होता, काठाला पोचा आलेला, मासोळीचा रस्सा करायचा. पण तो देताना त्या जे बोलल्या त्यात माया औषधालाही नव्हती.

"ह्या गंजाच्या भायेर एक थेंब पडला ना मास्तरीणबाई, तं मशीन तलावाच्या भायेर," त्या म्हणाल्या. "बुधवारच्या बाजारापर्यंत टाइम देते. मंग मी कोनाचंच आयकनार नाई."

तो शुक्रवार होता. अध्यक्षबाई म्हणजे आमचं काम चालू होतं त्या गावातल्या मासेमारी करणाऱ्या घरांच्या सोसायटीच्या अध्यक्ष. वय सत्तरीच्या पुढे, उंची माझ्या खांद्याइतकी, आवाज तलावाच्या या काठावरून त्या काठावर जाणारा. मागच्या पावसाळ्यात त्यांच्या तलावाची पाळ फुटली होती. वीसेक हात लांबीचं खिंडार. ते बुजवायचं काम आम्ही घेतलं होतं. पाळ बांधली गेली नाही तर येत्या पावसात तलाव भरणार नव्हता, आणि तलाव भरला नाही तर त्या घरांनी वर्षभर काय करायचं, हे विचारायचीही गरज नव्हती. उन्हाळ्यात तलावाच्या खोलगट कोपऱ्यात थोडं पाणी उरलं होतं. त्या डोहात त्यांनी बियाण्याच्या मोठ्या मासोळ्या जपून ठेवल्या होत्या. आणि आमची मशीन नेमकी त्या डोहाच्या वरच्या अंगाला उभी राहून डिझेल गाळत होती.

म्हणजे मशीन थांबली तर तलाव बुडाला, मशीन चालली तर मासोळ्या मेल्या. अध्यक्षबाई ओरडत होत्या ते काही हौसेखातर नव्हे.

आता मशीनविषयी. माझ्या नवऱ्याने सारी हयात ट्रक चालवला. आलापल्लीकडून सागवानाचे ओंडके भरायचे आणि उतरवायचे. काम सुटल्यावर माणसं तीर्थयात्रेला जातात, याने जुना लोडर घेतला. ओंडके उचलून उचलून कंबर मोडलेला, पुढे मोठं फावडं, मागे काळा धूर. एका लाकडाच्या ठेकेदाराने तो अंगणाबाहेर काढला होता आणि आमच्या यांनी तो अंगणात आणला. मी तेव्हा महिनाभर बोलले नाही. महिनाभर म्हणजे जेवायला वाढताना जेवढं लागतं तेवढंच बोलले.

मी विज्ञानाची मास्तरीण होते. सरकारी शाळांमधून बदल्या होत होत चिमूरपासून मूलपर्यंतच्या कित्येक गावांत शिकवलं. माझ्या स्वभावातला एक गुण इथे सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळे घडलं. मी चुकत नसे. फळ्यावर माझ्याकडून काही चुकीचं लिहिलं गेलं आणि एखाद्या पोराने हात वर केला, तर मी म्हणत असे, "शाब्बास! मी मुद्दाम चुकवलं होतं. कोणाचं लक्ष आहे ते पाहत होते." तीस-पस्तीस वर्षं हे खपलं. घरीही खपलं.

गळत होता तो डिझेलचा पंप. इंजिनाच्या बगलेत बसवलेला लोखंडी ठोकळा, कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत लांब. टाकीतलं डिझेल एका जाड नळीने त्यात येतं, आणि वरून निघणाऱ्या बारीक नळ्यांमधून तो इंजिनाच्या एकेका खणात जोरात पिचकारी मारतो. एवढं समजलं की बाकी सगळं समजतं, असं मी नवऱ्याला समजावून सांगितलं. त्याने तीस वर्षं असले पंप हाताळले होते. तो "हो" म्हणाला.

मग तो म्हणाला, "वरच्या बोल्टाचं वायसर असन. जाड नळी जोडते ना, तिथचं. तांब्याचं वायसर हाय, कडक झालं असन. खोलून पाह्यतो."

"असन, असन," मी अध्यक्षबाईंदेखत म्हणाले. "पंपाचा सांधाही असेल, सांधा! अंदाजाने काही खोलायचं नाही. आधी प्रयोग, मग निरीक्षण, मग अनुमान."

"बरं," तो म्हणाला आणि पाना पिशवीत ठेवून दिला.

प्रयोग साधा होता. पंप रॉकेलने स्वच्छ धुवायचा, फडक्याने कोरडा करायचा आणि त्याच्यावर पावडर भुरभुरायची. जिथे पहिल्यांदा ओलं उमटेल तिथे गळती. गॅरेजवाले यासाठी अंगाला लावायची पावडर वापरतात. माझ्याकडे तांदळाचं पीठ होतं. आमच्या झाडीपट्टीत घरात दुसरं काही नसलं तरी तांदळाचं पीठ असतंच. शनिवारी सकाळी मी ते वस्त्रगाळ करून नेलं आणि चहाच्या गाळणीने पंपावर असं पेरलं की पंप अनारशासारखा दिसायला लागला. नवऱ्याने दहा मिनिटं इंजिन चालवून बंद केलं. गळती सावकाशीची होती, गंजाचा तळ झाकायला अर्धा दिवस लागायचा, म्हणून मी ठरवलं की तीन तास थांबायचं. उन्हाचा पारा चढलेला. वैशाखात दुपारी आमच्याकडे कुत्रीसुद्धा सावली सोडत नाहीत. आम्ही गावातल्या समाजमंदिरात जाऊन डबा खाल्ला आणि पंख्याखाली आडवे झालो.

तीन वाजता येऊन पाहिलं तर दोन जागी ओलं होतं. एक, वरच्या बोल्टाजवळ, सुपारीएवढा डाग. दुसरं, पंप जिथे इंजिनाला चिकटतो त्या सांध्यावर. तिथे चांगला बोटभर रुंदीचा पिवळा ओघळ, पार खालपर्यंत.

"डिझेल!" मी म्हणाले. "रंग पाहा. समोरचं सील गेलंय."

नवरा वाकून बराच वेळ पाहत होता. "वरतंही ओलं हाय ना पन," तो म्हणाला.

"ते शिंतोडे आहेत."

"खालचं वरतं कसं उडन व?"

"इंजिन हलतं," मी म्हणाले. "हललं की उडतं."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग डोहाकडे पाहिलं. एक मासोळी पाण्यावर येऊन परत गेली. मग त्याने फडकं झटकून खांद्यावर टाकलं.

मी विज्ञानाची बाई. एका प्रयोगावर निष्कर्ष काढत नाही. रविवारी पुन्हा धुतलं, पुन्हा पेरलं, पुन्हा समाजमंदिरात झोपलो आणि पुन्हा तेच. वरती सुपारी, सांध्यावर पिवळा ओघळ. उलट आज ओघळ जास्त ठसठशीत होता, जणू कोणी बोटांनी सारवला असावा. माझ्या तोंडून हे वाक्य तेव्हा खरोखर निघालं होतं, "अगदी बोटांनी सारवल्यासारखा," आणि तरी डोक्यात काही उजेड पडला नाही. दोनदा तेच आलं म्हणजे सिद्ध झालं. पंप उतरवायचा हुकूम मी दिला.

पंप उतरवणं हे काही नळाची तोटी काढण्यासारखं नसतं. तो परत बसवताना पूर्वी होता त्याच कोनात बसला पाहिजे, नाहीतर पिचकारी भलत्याच वेळी उडते आणि इंजिन चालू होत नाही. नवऱ्याने छिन्नीने पंपावर आणि इंजिनावर मिळून एक खूण ओढली. मी म्हणाले, छिन्नीची खूण ओबडधोबड आहे, आणि माझ्या पर्समधल्या लाल पेनाने तिच्या शेजारी पट्टी लावून एक सुरेख रेघ काढली. डिझेलचा हात लागताच ती रेघ पुसली गेली. नवऱ्याने तेही पाहिलं आणि तेव्हाही काही बोलला नाही. त्याच्या या न बोलण्याचा मला फार राग यायचा. माणसाने भांडावं तरी.

संध्याकाळी अध्यक्षबाई आल्या. उघड्या पडलेल्या इंजिनाकडे पाहून त्यांचा चेहरा उतरला.

"पंप कुठी गेला?"

"काढला. उद्या मूलला नेतो दुरुस्तीला."

"काढला? काऊन काढला? त्याचं बरं व्हत होतं ना!"

आता हे वाक्य ऐकून कोणाही शहाण्या माणसाने विचारलं असतं की बाई, त्याचं बरं होतंय हे तुम्हाला काय ठाऊक? मी मात्र त्यांना सील म्हणजे काय हे समजावून सांगितलं. त्या पदराशी चाळा करत ऐकत राहिल्या आणि निघून गेल्या.

सोमवारी आम्ही मोटारसायकलवरून मूलला गेलो. पंप माझ्या जुन्या सुती लुगड्यात गुंडाळून मांडीवर घेतला होता. वजन चांगलं सहा महिन्यांच्या बाळाच्या दुप्पट. वाटेत चहाला थांबलो तर टपरीवरची बाई कळवळून म्हणाली, "अवं माय, एवढ्या उनात लेकरू घेऊन कुठी निंगाल्या? तोंडावर पदर तं घ्या त्याच्या." सांगायला गेले असते तर पंप, सील, पिचकारी सगळं सांगावं लागलं असतं. मी पंपाच्या तोंडावर पदर घेतला. टपरीवरची बाई लुगड्यात हात घालून गालगुच्चा घ्यायला आली तेव्हा मात्र मी घाईने उठले आणि चहा अर्धाच राहिला.

मूलला राइस मिलांच्या मागे पंप-नोझलचं एक जुनं दुकान आहे. दुकानदार साठीचा, चष्म्याला सुतळी बांधलेला, आणि वर्तमानपत्र वाचता वाचता काम करणारा. मी त्याला सगळा प्रयोग सविस्तर सांगितला. आकृती काढून दाखवली. तो म्हणाला, "ठेवा तिथी." त्याच्याकडे पंप फिरवून पाहायचं टेबल होतं. त्याने स्वतःच्या नळ्या, स्वतःचे बोल्ट लावले, टेबल चालू केलं आणि पेपरचं पान उलटलं. पंधरा मिनिटांनी त्याने पंपावरून बोट फिरवलं.

"कोरडा हाय."

"शक्य नाही," मी म्हणाले. "पुन्हा चालवा."

त्याने पुन्हा चालवला. पुन्हा बोट फिरवलं. या वेळी ते बोट माझ्या नाकासमोर धरलं.

"बाई, ठणठणीत हाय हा. तुमच्या-माझ्याहून बरा हाय."

"आम्ही दोनदा प्रयोग केला आहे," मी म्हणाले. माझा आवाज वर्गातल्यासारखा झाला होता. "सांध्यावर ओघळ आहे. अजून दिसतोय, नीट पाहा."

ओघळ खरंच दिसत होता. पिठाबरोबर सुकून त्याची पिवळट खपली झाली होती. दुकानदाराने खपली नखाने उकरली, हुंगली आणि नाक मुरडलं. "डिझेल नाई वाटत," तो म्हणाला. "धुऊन पाह्यतो." त्याने धुण्याच्या सोड्याचं पाणी डब्यात घेतलं, ब्रश बुडवला आणि सांध्यावर घासला.

पिवळा ओघळ लाल झाला. हळूहळू नाही, एका झटक्यात. ब्रशच्या मागोमाग लालभडक पाणी टेबलावरून वाहिलं आणि दुकानदार वर्तमानपत्रासकट मागे सरला.

"अबे! रगत!"

साऱ्या जगात त्या क्षणी हे रक्त नाही हे सर्वांत पक्कं ठाऊक असलेली व्यक्ती मी होते. कारण दरवर्षी, न चुकता, हाच प्रयोग मी पोरांना करून दाखवत आले होते. शाळेला प्रयोगाचा निळा-लाल कागद कधी मिळायचा नाही, मग मी साधा कागद हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवायची आणि त्यावर साबणाचं नाहीतर सोड्याचं पाणी टाकायची. पिवळ्याचं लाल. पोरं टाळ्या वाजवायची. चिमूरपासून मूलपर्यंत पोरांच्या तीन पिढ्यांना मी हळद ओळखायला शिकवली होती, आणि स्वतः दोन दिवस तिला डिझेल म्हणत होते.

"हळद आहे," मी शेवटी म्हणाले.

"हळद? पंपाले?" दुकानदाराने चष्मा काढून आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. मग खपली पुन्हा हुंगली. "अन् जवसाचं तेल. लगीन लावून राह्यले का पंपाचं?"

नवऱ्याने तेवढ्यात खिशातून चुन्याची डबी काढली. तिच्यात चुना नव्हता, वरच्या बोल्टाची दोन तांब्याची वायसरं होती. पंप उतरवताना त्याने ती वेगळी जपून ठेवली होती, मला न सांगता. दुकानदाराने ती उजेडात धरली. एकावर आडवा ओरखडा होता.

"हे घ्या. इथूनच गळते," तो म्हणाला. "मी माह्याच बोल्टानं फिरवला म्हनून दिसलं नाई. पन या मापाचं माह्यापाशी नाई, जुनी मशीन हाय तुमची. दगडावर घासून ओरखडा काढा, चुलीत लाल व्हतपर्यंत तापवा, पान्यात टाका. तांबं नरम पडते. मंग घट बसते."

नवऱ्याने डबी बंद केली आणि छताकडे पाहू लागला. "मी सांगतलं होतं" हे शब्द त्याच्या ओठांपर्यंत आले असतील तर त्याने ते गिळले. मला ते गिळलेले शब्द सगळ्या रस्ताभर ऐकू येत होते.

रस्ताभर मी त्याच्याशी भांडले. पंपाला हळद-तेल लावणारा तोच असणार, दुसरं कोण? "लपून पूजा करतोस आणि मला प्रयोग करू देतोस?" तो देवाची, माझी आणि मोटारसायकलची शपथ घेत राहिला. मांडीवर पंप होता म्हणून, नाहीतर मी उतरून चालत गेले असते.

मंगळवारी पंप पुन्हा चढवला. छिन्नीची खूण छिन्नीच्या खुणेला बरोबर मिळाली. लाल रेघेचा विषय कोणी काढला नाही. नवऱ्याने वायसरं दगडावर घासली आणि तापवायला मी ती अध्यक्षबाईंच्या चुलीवर घेऊन गेले, कारण तलावापासून जवळची चूल तीच होती. त्या रस्सा ढवळत होत्या. चिमट्यात धरून मी वायसर निखाऱ्यात धरलं. ते लाल झालं, मग पाण्याच्या लोट्यात टाकलं. चर्र झालं.

"एवढुशा कड्यापायी?" त्या लोट्यात वाकून म्हणाल्या.

"एवढुशा कड्यापायी," मी म्हणाले. "पंपाचा सांधा चांगलाच होता."

त्यांनी पळी खाली ठेवली. "सांधा चांगला होता?" असं त्यांनी दोनदा विचारलं आणि मग रश्शात मीठ दुसऱ्यांदा टाकलं.

पंप खोलला की नळ्यांमध्ये हवा शिरते आणि ती काढल्याशिवाय इंजिन चालू होत नाही. एक पेच सैल करून हाताच्या छोट्या पंपाने डिझेल ढकलत राहायचं, बुडबुडे संपेपर्यंत. ते काम मी मागून घेतलं. पहिल्याच जोरात डिझेलची धार माझ्या चष्म्यावर, कुंकवावर आणि ब्लाउजवर आली. नवरा इतका हसला की त्याला मशीनच्या चाकाला धरून खाली बसावं लागलं. मलाही हसू आलं, पण मी ते दाखवलं नाही. सायंकाळी इंजिन चालू झालं.

बुधवार उजाडला. बाजाराचा दिवस. मी पंपावर शेवटचं पीठ पेरलं, इंजिन दहा मिनिटं चालवून बंद केलं, आणि या वेळी समाजमंदिरात झोपायला गेले नाही. मोहाच्या झाडाच्या बुंध्यामागे छत्री घेऊन बसले. नवऱ्याला पलीकडे फावड्याच्या आड बसवलं, कारण माझा संशय अजून त्याच्यावरच होता आणि तो नजरेसमोर हवा होता.

भर बारा वाजता पाळेवरून अध्यक्षबाई आल्या. हातात वाटी. इकडेतिकडे पाहिलं, मशीनपाशी गेल्या, वाटीत दोन बोटं बुडवली आणि पंपाच्या सांध्याकडे हात नेला.

"थांबा!" मी छत्रीसकट बाहेर आले.

त्यांनी वाटी पदराआड लपवली. पदर पिवळा झाला.

"अध्यक्षबाई, हे काय करून राहिलात तुम्ही?" माझ्या तोंडून त्यांचीच बोली निघाली.

मग त्यांनी वाटी पुढे केली. जवसाचं तेल आणि हळद.

"पोळ्याच्या आदल्या दिशी बैलाची खांदमळनी करतो ना आपुन," त्या म्हणाल्या. "वरीसभर जू ओढून ओढून त्याचे खांदे सुजते. मंग हळद-तेल लावून मळतो. हे मशीन बी बैलावानीच माती ओढून राह्यलं. तुमचे मालक इथीच बोट ठेवून तुमाले सांगे, सांधा, सांधा. मले वाटलं, खांदाच सुजला असन. तुमी पीठ लावलं, मले वाटलं तुमी बी तेच करून राह्यल्या, फक्त तेल इसरल्या. काल तुमी म्हनल्या सांधा चांगला, मले वाटलं हळदीनंच गुन आला, म्हनून आज आखरीचा हात."

"सांधा सांधा मी म्हणत होते," मी म्हणाले. "ते वायसर म्हणत होते."

"मंग तुमचं आयकून केलं म्या."

"पण तुम्हीच म्हणालात ना, एक थेंब पडला तर मशीन बाहेर?"

"तं म्हनन नाई? मासोळ्या मरतीन ना बाप्पा! पन मशीन गेली तं पाळ कोन बांधन, मी?" त्यांचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. "मले काही हाकलाची हौस नाई आली. मले तं ते बरं व्हावं वाटे."

"मग मला सांगितलं का नाही? तीन दिवस गेले आपले."

त्यांनी पदराचा पिवळा डाग चोळला. "तुमी शिकल्या-सवरल्या बाई. तुमी हासल्या असत्या."

मला खरंच लाज वाटली. हसले असते, यात शंका नाही. वर पुन्हा यंत्र आणि प्राणी यांतला फरक समजावून सांगितला असता. एकाला पहिल्याच दिवशी गळती कुठे आहे ते ठाऊक होतं. दुसरीला ओघळ कुठून आला ते ठाऊक होतं. दोघंही माझ्यापासून हातभर अंतरावर होती, आणि दोघांनीही तोंड मिटून घेतलं, कारण मी सांगण्याजोगी बाई नव्हते. माझ्यापायी तो तलाव आज बुडता बुडता राहिला होता.

तीन वाजता आम्ही तिघांनी वाकून पंप पाहिला. पीठ वरच्या बोल्टाजवळ कोरडं, सांध्याजवळ कोरडं. अध्यक्षबाईंनी गंजात बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला, मग नवऱ्याला घ्यायला लावला, मग मला. काही नव्हतं. त्यांनी पाळेकडे हात करून म्हटलं, "मंग बसून काऊन राह्यले? माती टाका!"

नवऱ्याने इंजिन सुरू केलं. त्या जुन्या लोडरचा आवाज म्हणजे चार राइस मिला एका खोलीत. बाजाराला निघालेली बाया-माणसं पाळेवर उभी राहून पाहायला लागली. मी मशीनच्या पायरीवर चढले आणि त्याच्या कानाशी म्हणाले, "ते वायसर... मी मुद्दाम..."

सवयीने जीभ तिकडेच गेली होती. मी थांबले. मग म्हणाले, "माझं चुकलं."

"का म्हनलं?" त्याने कानाला हात लावला.

"चुकलं माझं!"

"आयकू नाई येत!"

मी पोटातून दम घेतला आणि साऱ्या शाळेची प्रार्थना सांगायच्या आवाजात ओरडले, "माझं चुकलं!" आणि नेमकं त्याच क्षणी त्याने इंजिन बंद केलं.

रिकाम्या तलावात माझा आवाज या पाळेवरून त्या पाळेवर गेला आणि परत आला. डोहाकाठचे बगळे उडाले. पाळेवरची बाजारकरी माणसं टोपल्या डोक्यावर तशाच ठेवून माझ्याकडे बघत राहिली. त्यांत माझा एक जुना विद्यार्थी होता, आता दोन मुलांचा बाप. त्याने सवयीने हात वर केला आणि घाईने खाली घेतला.

पुढे महिन्याभरात पाळ बांधून झाली. गंज अध्यक्षबाईंनी परत घेतला नाही. तुमच्या मशीनचा काही भरवसा नाही, असं म्हणाल्या. त्या बुधवारी घरी परतताना मी मोटारसायकलवर मागे बसून बऱ्याच वेळाने नवऱ्याला विचारलं, "खरंच ऐकू आलं नव्हतं का रे तुला?"

"पयल्याच खेपेले आलं होतं," तो म्हणाला. थोडं अंतर गेल्यावर त्याने मान किंचित मागे वळवली. "पन पुन्हा कधी आयकाले भेटन याचा भरोसा नव्हता."